पंचाचं डोकं कोण सांभाळणार?

रविवारची सकाळ आहे. सोसायटीच्या मागच्या मैदानावर सामना ठरलाय. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण मिळालेत, पण पंच नाही. मग कुणीतरी तुमच्याकडे बघतं आणि म्हणतं, "काका, तुम्ही उभे राहा ना यष्टीमागे, फक्त दहा षटकं!" तुम्ही डोक्यावर टोपी घालता, खिशात सहा खडे टाकता आणि जाऊन उभे राहता.

आता जरा आजूबाजूला बघा. फलंदाजाच्या डोक्यावर हेल्मेट आहे, पायाला पॅड आहेत, हातात ग्लोव्हज आहेत. यष्टिरक्षकाकडेही जवळपास हे सगळं आहे. फलंदाजाच्या अगदी जवळ उभा राहिलेला क्षेत्ररक्षकही हेल्मेट मागून घेतो. सरळ मारलेला चेंडू नेमका ज्याच्या दिशेने येणार, त्याच्या अंगावर मात्र सुती टोपीशिवाय काही नाही. तो माणूस म्हणजे तुम्ही.

घरोघरी हीच गत असते. मुलाला क्रिकेटच्या शिबिराला घालताना आपण हेल्मेट नीट पारखून घेतो. पण त्याच मैदानावर पंच म्हणून उभे राहणारे आजोबा, शाळेचे पी.टी.चे सर, किंवा "तुझी बॅटिंग झाली, आता तू अंपायरिंग कर" असं सांगून उभा केलेला बारा वर्षांचा पोरगा, यांच्या डोक्याचा विचार कुणी करत नाही. तो करायला हवा, कारण अशा अपघातांत माणसं दगावली आहेत.

दिंडीगुलमध्ये काय झालं

चेन्नईहून सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर दिंडीगुल नावाचं गाव आहे. कुलुपांसाठी आणि बिर्याणीसाठी ते प्रसिद्ध. २०१५ च्या डिसेंबरात तिथे तामिळनाडू आणि पंजाब यांच्यात रणजी करंडकाचा सामना चालू होता. ऑस्ट्रेलियाचे जॉन वॉर्ड हे त्या सामन्यात पंच होते. दोन देशांमध्ये पंचांची देवाणघेवाण होते, त्यातून ते भारतात आले होते. पंजाबच्या बरिंदर सरनने चेंडू सरळ मारला आणि तो थेट वॉर्ड यांच्या डोक्यावर बसला. त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. सुदैवाने ते बचावले.

त्याच्या वर्षभर आधीचे दिवस आठवून पाहा. २५ नोव्हेंबर २०१४ ला सिडनीत फलंदाज फिलिप ह्यूजच्या मानेवर चेंडू लागला आणि २७ तारखेला तो गेला. सगळं क्रिकेटविश्व त्या धक्क्यात असताना, दोनच दिवसांनी इस्रायलमधल्या अश्दोद शहरात हिलेल ऑस्कर नावाचे पंच चेंडू लागून दगावले. ते ५५ वर्षांचे होते आणि एकेकाळी इस्रायलच्या संघाचे कर्णधार होते. चेंडू यष्टीवर आदळून उडाला आणि त्यांना लागला. त्यानंतर वर्षभराने दिंडीगुलचा हा प्रसंग घडला.

त्याआधी २००९ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे अल्क्विन जेंकिन्स या पंचांचा मृत्यू झाला होता. तो चेंडू फलंदाजाने मारलेला नव्हता, क्षेत्ररक्षकाने फेकलेला होता. पुढे २०१९ मध्ये वेल्समध्येच ८० वर्षांचे पंच जॉन विल्यम्स यांच्या डोक्याला चेंडू लागला आणि महिन्याभराने ते गेले. जेंकिन्स आणि विल्यम्स दोघेही मोठ्या स्टेडियमवर उभे नव्हते. तुमच्या-आमच्या गावात होतात तसल्याच क्लबच्या सामन्यांत ते पंचगिरी करत होते.

जॉन वॉर्ड यांनी मात्र धडा घेतला. २० जानेवारी २०१६ ला कॅनबेरात भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना झाला, तेव्हा ते हेल्मेट घालून मैदानात उतरले. आंतरराष्ट्रीय सामन्यात पंचाने हेल्मेट घालण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. गंमत म्हणजे त्याच सामन्यात त्यांचे सहकारी रिचर्ड केटलबरो यांच्या पायावर चेंडू बसला आणि त्यांना मैदान सोडावं लागलं. आपल्याकडे हा मान मुंबईचे पंच पश्चिम पाठक यांचा. लांब केसांमुळे टीव्हीवर चटकन ओळखू येणारे हे पंच २०१५ मध्ये विजय हजारे करंडकाच्या सामन्यात हेल्मेट घालून उभे राहिले. भारतीय पंचांमध्ये ही सुरुवात त्यांनी केली.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

"चेंडू आला की बाजूला व्हायचं, त्यात काय एवढं?" असं तुम्हाला वाटत असेल, तर थोडा हिशेब करू.

दोन्ही बाजूंच्या यष्टींमध्ये २२ यार्डांचं, म्हणजे २०.१२ मीटरचं अंतर असतं. फलंदाज यष्टीच्या थोडा पुढे उभा असतो आणि पंच पलीकडच्या यष्टीच्या थोडा मागे. म्हणजे बॅटपासून पंचाचं डोकं साधारण वीस मीटरवर. जोरात मारलेला चेंडू ताशी १२० किलोमीटर वेगाने आला, तर हे अंतर कापायला त्याला ०.६ सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहून शरीर हलायला लागेपर्यंतच साधारण ०.२ सेकंद जातात. उरले ०.४ सेकंद. तेवढ्यात डोकं एक वीतभर बाजूला न्यायचं.

हे जमण्यासारखं आहे, पण चेंडू बॅटवरून निघाला त्या क्षणी तुम्हाला दिसला असेल तरच. आणि अडचण नेमकी तिथेच आहे. पंचाची नजर आधी खाली असते, कारण गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेच्या आत पडतो का ते पाहायचं असतं. मग ती वर उचलायची आणि चेंडूवर आणायची. तेवढ्यात चेंडू टाकून झालेला गोलंदाज धावत पुढे जातो आणि त्याचं शरीर मध्ये येतं. बॅटवरून निघालेला चेंडू त्याच्या कमरेजवळून किंवा काखेखालून अचानक बाहेर येतो. कधी तो गोलंदाजाच्या हाताला लागून दिशा बदलतो, कधी यष्टीवर आदळून उसळतो. अशा वेळी तुमच्याकडे अर्धा सेकंदही उरत नाही.

आता आंतरराष्ट्रीय सामन्यांत पुढच्या पायाचा नो-बॉल टीव्हीसमोर बसलेले तिसरे पंच पाहतात. त्यामुळे मैदानावरच्या पंचाला नजर आधीच वर ठेवता येते. सोसायटीच्या सामन्यात तिसरा पंच कुठून आणणार? तिथे सगळं तुम्हालाच बघायचं असतं.

शिवाय बॅटही बदलली आहे. गेल्या काही वर्षांत बॅटच्या कडा इतक्या जाड झाल्या की २०१७ च्या नियमावलीत कडेची जाडी ४० मिलिमीटर आणि पूर्ण बॅटची जाडी ६७ मिलिमीटरपर्यंतच ठेवायची मर्यादा घालावी लागली. ट्वेंटी-२० मुळे सरळ आणि सपाट फटके वाढले. चेंडू मात्र पूर्वी होता तेवढाच जड आणि टणक आहे, १५६ ते १६३ ग्रॅमचा.

बेसबॉलचा पंच काय करतो

पंचाच्या अंगाचं रक्षण कसं करावं याचा सगळ्यात जास्त विचार कोणी केला असेल, तर तो बेसबॉलवाल्यांनी. महाराष्ट्रातही शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळले जातात. तुमच्या घरातली मुलगी सॉफ्टबॉल खेळत असेल, तर हा भाग तुम्ही नक्की वाचा.

बेसबॉलमध्ये मुख्य पंच फलंदाजाच्या मागे उभा असतो. आधी फलंदाज, त्याच्या मागे बसलेला कॅचर आणि कॅचरच्या मागे पंच. समोर १८.४४ मीटरवरून पिचर चेंडू टाकतो. मोठ्या स्पर्धांमध्ये त्याचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या घरात असतो आणि तो टप्पा न पडता सरळ येतो. कॅचरने झेलला तर उत्तम. पण कधी तो कॅचरच्या हातून सुटतो, आणि कधी बॅटची कड घेऊन थोडासा वळतो आणि मागे पंचाच्या अंगावर येतो.

बॅट आणि पंचाचं तोंड यांत दीड-दोन मीटरचंच अंतर असतं. एवढं अंतर चेंडू पाच-सहा शतांश सेकंदांत कापतो. माणसाची पापणीसुद्धा तेवढ्यात पूर्ण मिटत नाही. म्हणजे तिथे चुकवणं हा पर्यायच नाही. म्हणून बेसबॉलच्या पंचाला पहिला धडा मिळतो तो असा: चेंडू लागणारच आहे असं धरून उभा राहा आणि हलू नकोस.

हलायचं का नाही? कारण त्याचं सगळं चिलखत समोरच्या बाजूला असतं. तोंडावर जाळीचा मास्क, त्याखाली गळा झाकणारी पट्टी, शर्टाच्या आत छाती, खांदे आणि कॉलरबोन झाकणारं जाड पॅड, पँटच्या आत गुडघ्यापासून पावलापर्यंत नडगीचं पॅड, जांघेत कप आणि पायात बोटांवर पोलादी टोपी असलेले बूट. चेंडू समोरून आला, तर तो यापैकी कशावर तरी बसतो. पण दचकून मान वळवली की कान उघडा पडतो, मानेची बाजू उघडी पडते. अंग फिरवलं की बरगड्या आणि काख उघडी पडते. चिलखत घातलेल्या माणसाला लागतं ते बहुधा तो घाबरून वळतो तेव्हा.

उभं राहण्याची पद्धतही ठरलेली असते. पंच कॅचरच्या अगदी पाठीशी उभा राहत नाही. कॅचर आणि फलंदाज यांच्यामध्ये जी फट दिसते, त्या फटीत तो डोकं ठेवतो. फलंदाज उजवा असेल तर पंच किंचित डावीकडे सरकतो. पाय खांद्यांपेक्षा जास्त फाकलेले. फलंदाजाकडचा पाय थोडा पुढे आणि दुसऱ्या पायाचा चवडा पहिल्याच्या टाचेच्या रेषेत. मग गुडघ्यात वाकून तो खाली येतो, हनुवटी साधारण कॅचरच्या डोक्याच्या वरच्या टोकाइतकी होईपर्यंत. त्याहून खाली गेला तर कॅचर मध्ये येऊन चेंडू दिसत नाही, फार वर राहिला तर खालचे चेंडू नीट कळत नाहीत.

हातांचंही तसंच. हातांवर पॅड नसतं, म्हणून ते लपवायचे. फलंदाजाकडचा हात पोटाशी आडवा धरायचा, दुसरा कॅचरच्या आड मांडीवर ठेवायचा. कोपरं अंगाशी. बोटं पसरलेली नकोत, हलकी मूठ करून अंगठा आत. एवढं झालं की चेंडू मान वळवून नाही, तर नुसत्या डोळ्यांनी टिपायचा.

मास्कची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १८७७ च्या सुमाराला अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या फ्रेड थेयरने कॅचरसाठी पहिला मास्क बनवला आणि पुढच्या वर्षी त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा लोक हसले होते. मैदानात तोंड झाकून कसलं खेळायचं, असं त्यांना वाटे. पुढे पंचांनीही तो घेतला. छातीच्या पॅडबद्दल तर अनेक वर्षं दोन पंथ होते. एका लीगचे पंच हवा भरलेल्या गादीसारखी मोठी ढाल हातात धरून उभे राहायचे, दुसऱ्या लीगचे शर्टाच्या आत पॅड घालायचे. आतलं पॅड रुजवण्याचं श्रेय बिल क्लेम या नामांकित पंचांना दिलं जातं. ती ढाल वापरणारा शेवटचा मोठा पंच १९८५ मध्ये निवृत्त झाला. गळ्याच्या पट्टीमागेही अपघात आहे. १९७६ मध्ये तुटलेल्या बॅटची कपची स्टीव्ह येगर या खेळाडूच्या गळ्यात घुसली. त्यानंतर त्याच्या संघाच्या बिल ब्यूलर या प्रशिक्षकाने मास्कखाली लटकणारी पट्टी तयार केली.

असे अपघात इतके नेहमीचे आहेत की बेसबॉलच्या नियमांत त्यांची तरतूदच आहे. चेंडू पंचाच्या मास्कमध्ये अडकून बसला तर खेळ थांबतो आणि धावणाऱ्या खेळाडूंना एक बेस पुढे जाऊ देतात.

सॉफ्टबॉलचं नाव "सॉफ्ट" असलं तरी चेंडू मऊ नसतो. तो १७८ ते १९८ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड असतो. मोठ्या गटातल्या मुलींच्या सामन्यात पिचर फक्त १३.१ मीटरवर असते. शाळेच्या सामन्यात प्लेटमागे उभ्या राहणाऱ्या सरांच्या किंवा मॅडमच्या तोंडावर मास्क, गळ्यावर पट्टी आणि छातीवर पॅड आहे का, एवढं पुढच्या वेळी बघा. नसेल तर पालकसभेत तो विषय काढा.

क्रिकेटच्या पंचाने काय करायचं

आता परत आपल्या मैदानावर या. बेसबॉलच्या पंचाचा "हलू नकोस" हा नियम क्रिकेटच्या पंचाने जशाचा तसा उचलला, तर तो घात करेल. त्याच्याकडे चिलखत आहे पण वेळ नाही, म्हणून तो स्थिर राहतो. तुमच्याकडे थोडा वेळ आहे पण चिलखत नाही, म्हणून तुम्ही हलण्याच्या तयारीत राहायचं. दोघांमध्ये सारखं एवढंच की चेंडू येण्याआधीच कसं उभं राहायचं ते ठरलेलं असतं. चेंडू निघाल्यावर ठरवायला वेळ नसतो.

जागा: नीट दिसेल आणि गोलंदाजाच्या आड येणार नाही अशा जागी पंचाने उभं राहावं, एवढीच नियमाची अपेक्षा आहे. यष्टीला चिकटून उभं राहण्याची सक्ती नाही. शेवटच्या षटकांत फलंदाज दांडपट्टा फिरवायला लागला की एक-दोन पावलं मागे सरका. प्रत्येक पाऊल मागे म्हणजे थोडा जास्त वेळ.

पाय आणि हात: पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे किंचित सैल ठेवा, वजन टाचांवर नको, चवड्यांवर हवं. हात पाठीमागे बांधून किंवा खिशात घालून उभं राहणं रुबाबदार दिसतं, पण चेंडू आला की ते हात वेळेवर पुढे येत नाहीत. हात समोर, पोटाच्या उंचीवर ठेवा. चेंडू मोजायचे खडे किंवा काउंटर एकाच हातात.

नजर: पाय बघितला की नजर लगेच वर. फटका मारल्यावर चेंडू हरवला असं वाटलं, तर तो शोधत मान फिरवू नका. आधी खाली वाका, मग शोधा.

चेंडू अंगावर आलाच तर: बाजूला होता आलं तर व्हा. नाही जमलं तर हनुवटी छातीकडे घ्या, खांदा पुढे करा, दोन्ही हात डोक्याच्या आणि कानाच्या बाजूला आणा. चिलखत नसलेल्या माणसाने चेहरा आणि छातीऐवजी खांदा पुढे करावा. बेसबॉलच्या पंचाच्या नेमकं उलट. ऑस्ट्रेलियाचे पंच ब्रूस ऑक्सनफर्ड २०१६ च्या आयपीएलमध्ये हातावर पारदर्शक गोल ढाल बांधून उतरले, तेव्हा अनेकांना हसू आलं होतं. पण त्यामागचा विचार साधा होता: चेंडू आला की हात आपसूक वर जातो, मग त्या हातावरच काहीतरी कठीण असू द्या.

फेक: धावचीत होण्याची शक्यता दिसली की क्षेत्ररक्षक आणि यष्टी यांच्या रेषेतून बाहेर पडा. जेंकिन्स यांना लागलेला चेंडू फेकलेलाच होता. स्क्वेअर लेगला उभे असाल तर तिथेही गप्पा मारत उभे राहू नका. पुलचा फटका तिकडेच येतो.

पाठ: चेन्नईच्या टी. नगरमधलं सोमसुंदरम मैदान एकाच वेळी चालणाऱ्या अनेक सामन्यांसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईच्या आझाद मैदानावरही एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. अशा मैदानावर चेंडू पाठीमागूनही येतो. सुरुवातीलाच दोन्ही संघांना सांगून ठेवा, की दुसऱ्या सामन्यातला चेंडू येताना दिसला तर मोठ्याने ओरडायचं.

हेल्मेट घालायला लाज कसली?

चेन्नईचं नाव निघालं की पंचगिरीत एक नाव आधी आठवतं, ते श्रीनिवास वेंकटराघवन यांचं. १९४५ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये जन्मलेले हे ऑफस्पिनर ५७ कसोटी खेळले, १९७५ आणि १९७९ च्या विश्वचषकांत भारताचे कर्णधार होते आणि नंतर १९९३ ते २००४ या काळात ७३ कसोटींत पंच म्हणून उभे राहिले. त्यांच्यानंतर तामिळनाडूचेच एस. रवी आयसीसीच्या सर्वोच्च पंचमंडळावर गेले. चेपॉकच्या मैदानावर भर उन्हात दिवसभर उभं राहणं म्हणजे काय, हे या मंडळींना पक्कं ठाऊक.

वेंकट यांच्या पिढीत पंचाला हेल्मेट असावं हा विचारच नव्हता. तेव्हा तो नव्हता, म्हणून आजही नको असं मात्र नाही. सुनील गावसकर बहुतेक सगळी कारकीर्द हेल्मेटशिवाय खेळले, पण म्हणून आज कुणी आपल्या मुलाला हेल्मेटशिवाय फलंदाजीला पाठवत नाही.

पंच हेल्मेट का टाळतात, याचीही काही कारणं आहेत. कान झाकले की बॅटची बारीक कड लागल्याचा आवाज नीट ऐकू येत नाही. चेन्नईसारख्या दमट हवेत किंवा नागपूरच्या मे महिन्यात डोकं उकडतं. आणि तिसरं कारण, जे कुणी उघड बोलत नाही, ते म्हणजे लोक काय म्हणतील. पहिल्या दोन्हींवर उपाय आहेत. हलकं, हवा खेळतं राहणारं हेल्मेट मिळतं. षटकांच्या मध्ये ते काढून घाम पुसता येतो. टोक बदलताना पाणी पिता येतं. थकलेल्या पंचाला चेंडू उशिरा दिसतो, म्हणून उन्हाळ्यात दर तासाला पंच बदलणं केव्हाही चांगलं. तिसऱ्या कारणावर उपाय एकच, संघातल्या मोठ्यांनी आधी घालून दाखवायचं.

रविवारच्या सामन्यासाठी वेगळा खर्च करण्याचीही गरज नाही. किटबॅगेत फलंदाजांची तीन-चार हेल्मेट असतातच, त्यातलं एक पंचाला द्या. ते डोक्यावर नीट बसायला हवं. मान हलवली की तेही हलत असेल तर मोठं आहे. ह्यूजच्या अपघातानंतर मानेमागे लावायचे गार्ड आले. ते मिळत असतील तर लावा. एकदा जोरात चेंडू बसलेलं किंवा तडा गेलेलं हेल्मेट मात्र पंचालाही देऊ नका. आणि दुचाकीचं हेल्मेट घालून उभं राहू नका. त्यातून बाजूचं दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

टेनिस बॉलने खेळत असाल तर धोका बराच कमी, पण डोळ्याला तो चेंडूही इजा करतो. चष्मा लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. आणि चामड्याच्या चेंडूचा सामना असेल, तर लहान मुलाला किंवा नजर कमी झालेल्या आजोबांना गोलंदाजाच्या टोकाला उभं करूच नका. त्यांना धावफलक द्या. तेही मानाचं काम आहे.

लागलंच तर

क्रिकेटच्या नियमात एक गोष्ट आहे जी अनेकांना माहीत नसते. चेंडू पंचाला नुसता लागला म्हणून खेळ थांबत नाही. तो उडाला आणि कुणी झेलला तर फलंदाज बादही होतो. पण पंचाला किंवा खेळाडूला गंभीर इजा झाली असेल, तर पंचाने लगेच डेड बॉल पुकारायचा असतो. म्हणून पंच कोसळला की धाव काढायची नाही आणि झेलामागेही धावायचं नाही. दुसऱ्या पंचाने खेळ थांबवायचा.

डोक्याला लागलं असेल तर "काही नाही झालं" असं त्यांनी स्वतः म्हटलं तरी त्यांना पुन्हा उभं करू नका. बसवा, कुणीतरी सोबत थांबा. उलटी, वाढती डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, झोपाळलेपणा, दुहेरी दिसणं, कानातून किंवा नाकातून रक्त किंवा पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालयात न्या. बेशुद्ध पडले असतील किंवा मान दुखत असेल तर त्यांना उचलून हलवू नका. महाराष्ट्रात आणि तामिळनाडूत दोन्हीकडे रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर आहे.

छातीवर चेंडू बसला तर आणखी एक धोका असतो. ठोक्याच्या नेमक्या नाजूक क्षणी मार बसला, तर हृदय अचानक थांबू शकतं. हे क्वचित होतं, पण धडधाकट मुलांमध्येही होतं. माणूस पडला आणि श्वास घेत नसेल, तर वाट न बघता छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबायला सुरुवात करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. संघातल्या निदान दोघांनी हे आधी शिकून घेतलेलं असावं.

येत्या रविवारी किटबॅग उघडली की पहिलं हेल्मेट फलंदाजाला द्या आणि दुसरं पंचाला. कुणी हसलं तर दिंडीगुलची गोष्ट सांगा. आणि पंच म्हणून तुम्हीच उभे असाल, तर हेल्मेट मिळेपर्यंत "प्ले" म्हणू नका.